पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या खोलीची जबाबदारी कोणाची?

मा. संपादक,
स. न.

पदव्युत्तर प्रवेशाच्या याद्या लागू लागल्या की सोलापुरातल्या आमच्या बाळे परिसरात संध्याकाळच्या वेळी अनोळखी मुले-मुली दिसू लागतात. हातात फाइल, पाठीवर सॅक, बरोबर कधी वडील तर कधी मामा, आणि प्रश्न एकच : ‘काका, खोली आहे का?’ पुणे नाक्यापासून केगावच्या विद्यापीठापर्यंतच्या पट्ट्यात ज्यांची घरे आहेत, त्यांना हा प्रश्न पावसाळा सरेपर्यंत रोज ऐकावा लागतो. मी त्यांपैकी एक. लिपिक म्हणून निवृत्त झालो, मिळालेल्या पैशातून गच्चीवर दोन खोल्या बांधल्या आणि गेली अकरा वर्षे त्या विद्यार्थ्यांना भाड्याने देतो. तेव्हा या विषयात मी तटस्थ माणूस नाही. माझ्या घराचा खर्च काही अंशी याच टंचाईवर चालतो, हे वाचकांनी आधीच ध्यानात घ्यावे. तरीही, किंबहुना त्यामुळेच, हे पत्र लिहावेसे वाटले.

आपल्या जिल्ह्याचे विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी सुरू झाले आणि २०१९ पासून ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांच्या नावाने ओळखले जाते. त्याआधी येथे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र होते. स्वतंत्र विद्यापीठ मिळाले तेव्हा आमच्यासारख्या पालकांना झालेल्या आनंदाचे एक कारण अगदी घरगुती होते : आता पोरांना शिकायला परगावी ठेवावे लागणार नाही. एका जिल्ह्यापुरते विद्यापीठ म्हणजे घरून डबा घेऊन जायचे आणि रात्री घरी यायचे, अशी काहीशी समजूत त्यामागे होती. पण हा जिल्हा अकरा तालुक्यांचा आहे. करमाळा आणि माळशिरस सोलापूरपासून शंभर किलोमीटरच्या वर आहेत, आणि मुले तालुक्याच्या गावी राहत नाहीत. ती तिथून आणखी पंधरा-वीस किलोमीटर आत, वाडी-वस्तीवर राहतात. एम.एस्सी. करणाऱ्या अशा मुलाला सोलापुरात राहण्यावाचून दुसरा मार्ग नसतो. ‘घरचे विद्यापीठ’ या कौतुकात राहण्याचा प्रश्न मागे पडला, तो पुन्हा कोणी पुढे घेतलाच नाही, असे माझे मत आहे.

विद्यापीठाच्या आवारात मुलांसाठी आणि मुलींसाठी वसतिगृहे आहेत, शहरात समाजकल्याणची शासकीय वसतिगृहे आहेत, काही महाविद्यालयांची आणि समाजसंस्थांची जुनी बोर्डिंगेही आहेत. या सगळ्यांत ज्यांचा नंबर लागत नाही, ती मुले आमच्याकडे येतात. आमच्याकडे म्हणजे नेमके कुठे, हे मी सांगतो.

ज्याला सगळे ‘कॉट बेसिस’ म्हणतात ती पद्धत अशी असते. दहा बाय बाराची खोली, तीत भिंतीला लावून चार लोखंडी कॉट, प्रत्येक कॉटच्या उशाशी एक खिळा आणि त्या खिळ्याला त्या मुलाचा सगळा संसार. माझ्याकडे आज एका कॉटचे महिन्याला १८०० रुपये आहेत, वीज वेगळी, एका महिन्याचे भाडे डिपॉझिट. खोलीवर पत्रा आहे. सोलापूरचा उन्हाळा ज्याने पत्र्याखाली काढला आहे त्याला पुढचे सांगायची गरज नाही. पण विद्यापीठाच्या परीक्षा नेमक्या त्याच दिवसांत असतात, म्हणून सांगतो. दुपारी एक ते पाच खोलीत बसता येत नाही. मुले पुस्तके घेऊन जिन्याखाली, देवळाच्या ओट्यावर किंवा महिन्याचे पैसे भरून एखाद्या अभ्यासिकेत जाऊन बसतात. म्हणजे राहण्याचे भाडे एकीकडे आणि बसण्याचे दुसरीकडे. पाण्याची गोष्ट सोलापूरकरांना नव्याने काय सांगायची? आपल्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते. चार माणसांच्या कुटुंबासाठी बसवलेल्या टाकीवर आठ पोरे वाढली की तिसऱ्या दिवशी टाकी तळाला जाते, आणि चौथ्या दिवशी मुले अंघोळीला मित्राच्या खोलीवर जातात.

हे भाड्याचे आणि गैरसोयीचे झाले. सुरक्षिततेबद्दल लिहिताना दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवण्यापेक्षा माझ्याच घरात घडलेले सांगतो. तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट. गच्चीवरच्या खोल्यांना वीज देताना मी पैसे वाचवण्यासाठी खालच्याच मीटरवरून एक साधी वायर वर ओढून घेतली होती. खोलीत एकच सॉकेट. मुलांनी त्याला एक्स्टेन्शन बोर्ड लावला, त्यावर कूलर, त्यावर चहाची इंडक्शन शेगडी, आणि चार मोबाइलचे चार्जर. एका रात्री अकराच्या सुमारास जळका वास आला. वर जाऊन पाहतो तो बोर्ड वितळून काळा पडलेला, त्याच्या मागचा भिंतीचा रंग पापुद्र्यासारखा सुटलेला, आणि मुले अनवाणी गच्चीत उभी. कोणाला काही झाले नाही. कॉटवरची गादी बोर्डापासून एक वीत लांब होती, एवढेच. दुसऱ्या दिवशी वायरमन आला. त्याने जळकी वायर हातात घेऊन माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, ‘‘साहेब, ही वायर बल्बासाठी असते.’’ मग स्वतंत्र वायरिंग केले, नीट अर्थिंग केले, गळती होताच वीज तोडणारा ईएलसीबी बसवला. एवढ्यासाठी आठ वर्षे मी थांबलो होतो. त्या आठ वर्षांत माझ्या खोल्या पाहायला एकही माणूस आला नव्हता, ना महापालिकेचा, ना पोलिसांचा, ना कोणत्या शिक्षणसंस्थेचा. आजही आलेला नाही. माझ्या गल्लीत अशा खोल्या असलेली आणखी सहा घरे आहेत आणि त्यांतल्या वायरी कशा आहेत, हे मला विचारायचे धाडस होत नाही.

येथे एक फरक स्पष्ट करायला हवा. बारावीनंतरच्या मुलांचा प्रश्न वेगळा आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा वेगळा. पदवीपर्यंत मुले तालुक्याच्याच महाविद्यालयात शिकतात. घर सोडण्याची वेळ प्रथम पदव्युत्तर शिक्षणासाठी येते. पदवीचे निकाल लागायचे, मग प्रवेशाच्या फेऱ्या व्हायच्या, आणि मूल शहरात येईपर्यंत बऱ्या खोल्या गेलेल्या असतात. त्यातच पुणे रस्त्यावर चिंचोळी औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या कामगाराला खोली दिली तर तो बारा महिने भाडे देतो. विद्यार्थी परीक्षा संपली की गावी जातो आणि दोन महिन्यांचे भाडे देताना त्याच्या बापाच्या जिवावर येते. मी घरमालक म्हणून कबूल करतो, की समोर नोकरदार आणि विद्यार्थी असे दोघे उभे असतील तर आमच्यापैकी बहुतेक जण नोकरदारालाच खोली देतील. यात दुष्टपणा काही नाही, हिशेब आहे. पण या हिशेबात विद्यार्थ्याच्या वाट्याला येते ती शेवटची, कोणीच न घेतलेली खोली. स्वस्त हवी असेल तर शहराच्या पूर्व भागात मिळते, जिथे भिंतीपलीकडे यंत्रमाग चालतात. एका मुलाने तिथे एक सत्र काढले होते. तो सांगे, की रविवारी माग बंद झाले की त्याला शांततेने जाग येई.

पीएच.डी.चे विद्यार्थी हा तर कोणाच्याच खिजगणतीत नसलेला वर्ग. चार-पाच वर्षे संशोधन, वय तिशीच्या आसपास, अनेकांची लग्ने झालेली. ज्याला कनिष्ठ संशोधक अधिछात्रवृत्ती मिळते त्याचे एक बरे असते. जानेवारी २०२३ पासून ती दरमहा ३७ हजार झाली आहे आणि घरभाडे भत्ता वेगळा. पण अशी मुले थोडी. बाकीचे एखाद्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतात आणि ते पैसे हाती येतील तेव्हा खरे. घरमालक विचारतो, ‘फॅमिली की बॅचलर?’ बायको-मूल गावी ठेवून आलेल्या संशोधकाने याचे काय उत्तर द्यायचे? फॅमिली म्हणावे तर फ्लॅटचे भाडे परवडत नाही, बॅचलर म्हणावे तर विशीतल्या पोरांबरोबर चौथ्या कॉटवर झोपून प्रबंध लिहायचा.

मुलींबाबत मी फार लिहू शकत नाही, कारण माझ्याकडे मुले राहतात. पण माझ्या शेजारच्या काकू मुलींना खोल्या देतात आणि त्यांच्याकडचे मी रोज पाहतो. त्यांचे फाटक रात्री आठला बंद होते. आठनंतर येणाऱ्या मुलीला घरी फोन जातो. काकूंची बाजूही मला कळते. उद्या काही बरेवाईट झाले तर पहिला प्रश्न त्यांनाच विचारला जाणार. परंतु रसायनशास्त्राचे प्रॅक्टिकल सहाला संपते, शहर बससेवा गेली काही वर्षे नावापुरती उरली आहे, शेअर रिक्षा भरेपर्यंत हलत नाही, आणि ग्रंथालयात तासभर जास्त बसायचे तर मुलीला आधी फाटकाचा विचार करावा लागतो. तिच्या अभ्यासाचे वेळापत्रक विभागप्रमुख ठरवत नाहीत, काकू ठरवतात.

ज्या मुलींना खोली परवडत नाही त्या रोज ये-जा करतात. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट झाल्यापासून अशा मुली वाढल्याचे मला बसथांब्यावर दिसते. सवलत चांगलीच आहे. पण मोहोळ तालुक्यातील एका खेड्यातून येणारी आमच्या नात्यातली एक मुलगी पहाटे साडेपाचला घर सोडते आणि रात्री साडेआठला पोचते. तिचा मेव्हणा कौतुकाने म्हणाला, ‘‘राहण्याचा खर्च वाचला.’’ मी मनात म्हटले, खर्च वाचला, पण दिवसाचे पाच तास गेले, त्याचा हिशेब कोण ठेवतो? जुलै २०२४ मध्ये शासनाने व्यावसायिक अभ्यासक्रमांतील, आर्थिक दृष्ट्या दुर्बल आणि मागास घटकांतील मुलींचे पूर्ण शुल्क माफ केले, तेव्हाही हाच विचार आला. शुल्क माफ झाले तरी मुलीने रात्री झोपायचे कुठे, हा प्रश्न राहतोच, आणि सोलापुरात तो शुल्कापेक्षा महाग आहे.

आता एक अप्रिय गोष्ट, जी आम्ही घरमालक छापून येऊ देत नाही. खोली दाखवण्याआधी आम्ही नाव विचारतो आणि मग, सहज विचारल्यासारखे, आडनाव. त्यानंतर कोणाला ‘खोली आहे’ आणि कोणाला ‘आत्ताच गेली’ असे सांगितले जाते. मीही हे केले आहे. पहिल्या वर्षी एका मुलाला मी गेली म्हणून सांगितले आणि दुसऱ्याच दिवशी तो मला माझ्याच गल्लीत खोली शोधताना पुन्हा दिसला. त्याने ओळख दाखवून नमस्कार केला. तेव्हापासून विचारत नाही. पण चार भाषा एकाच चौकात ऐकू येणाऱ्या या शहरात खोल्यांची टंचाई सगळ्यांना सारखी जाणवत नाही, हे मान्य केल्याशिवाय या विषयावर बोलणे अपुरे आहे. खोल्या मुबलक असत्या तर आडनाव विचारण्याची चैन आम्हाला परवडली नसती.

याच शहरात जानेवारी १९२५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले होते. सभेची स्थापना होऊन तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. त्याआधी पाव शतक, १९०१ मध्ये, शाहू महाराजांनी कोल्हापुरात मराठा बोर्डिंगपासून सुरुवात करून एकामागून एक वसतिगृहे उभी केली. या माणसांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती : खेड्यातल्या मुलाला शाळेत नाव घालून भागत नाही, त्याला शहरात अंग टेकायला जागा लागते. शाळा आधी की वसतिगृह आधी, असा वाद त्यांनी घातला नाही.

शासन काहीच करत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळाल्यास २०१६-१७ पासून स्वाधार योजनेतून भत्ता मिळतो. इतर मागासवर्गासाठी सावित्रीबाई फुले यांच्या नावाची आधार योजना आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाने वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. पण आकडे पाहा. स्वाधारमध्ये मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांसाठी वर्षाला ६० हजार, त्याखालच्या गटासाठी ५१ हजार आणि त्याच्याही खालच्या गटासाठी ४३ हजार आहेत. मधला गट धरला तरी ५१ हजारांत २८ हजार जेवणाचे, १५ हजार निवासाचे आणि ८ हजार इतर. निवासाचे १५ हजार बारा महिन्यांत वाटले तर महिन्याला १२५० रुपये होतात. माझी पत्र्याखालची कॉट १८०० ची आहे, आणि बाळ्यातल्या दरांत ती महाग समजली जात नाही. गंमत अशी, की केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला घरभाडे भत्ता देताना नागपूर आणि सोलापूर ही दोन्ही शहरे एकाच, म्हणजे वाय श्रेणीत धरली जातात. विद्यार्थ्याला भत्ता देताना मात्र नागपूर पहिल्या गटात आहे आणि सोलापूर नाही. नोकरदाराला जे भाडे शहराचे वाटते, ते विद्यार्थ्याला गावाचे कसे वाटावे?

आणि ही रक्कम वेळेवर येत नाही, हे त्याहून अवघड. भाडे दर महिन्याच्या पाच तारखेला द्यायचे असते, भत्ता मात्र मंजूर होईल तेव्हा होतो. माझ्याकडच्या एका मुलाचे पहिल्या वर्षाचे पैसे दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीत जमा झाले. तोपर्यंत त्याच्या वडिलांनी सावकाराकडून उचल घेऊन भाडे भरले होते. म्हणजे भत्ता अखेर व्याजात गेला. असे पालक माझ्यासारख्या घरमालकाकडे मुदत मागायला येतात तेव्हा ते ज्या पद्धतीने दारात चपला काढून उभे राहतात, ते मला बघवत नाही.

कायद्याचे बोलायचे तर तो पुरेसा आहे, पाळला जात नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, आणि तसे न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्हीही होऊ शकते. अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, ही आपल्याकडची समजूत महाराष्ट्रापुरती चुकीची आहे. नोंदणी नसेल तर भाड्याच्या अटींविषयी वाद झाल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, हेही त्याच कलमात आहे. डिपॉझिट बुडालेल्या किती मुलांना हे माहीत आहे? आमच्या पट्ट्यात कॉट बेसिसच्या व्यवहाराचा पुरावा म्हणजे वहीतली एक ओळ किंवा मोबाइलवरचा एक निरोप.

घरमालक करार का नोंदवत नाहीत, तेही सांगतो. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्काच असते, ते काही जड नाही. पण शहरी भागात नोंदणी फी एक हजार रुपये आहे, आणि १८०० रुपये देणाऱ्या प्रत्येक मुलामागे दरवर्षी हजार रुपये कोणी भरायचे? दुसरी भीती घरपट्टीची. भाडेकरू कागदावर आला की घरपट्टी वाढणार, असे सगळ्यांना वाटते. तिसरे कारण सरळ आहे : गच्चीवरच्या पुष्कळ खोल्यांना परवानगीच नाही. माझ्या एका खोलीची परवानगी मी नंतर नियमित करून घेतली, हे लिहिताना मला थोडे अवघडल्यासारखे होते.

खरे तर नोंदणीचा रस्ताही आधीच आखलेला आहे. रॅगिंगला आळा घालण्यासाठी नेमलेल्या राघवन समितीने २००७ मध्ये केलेल्या शिफारशींत खासगी वसतिगृहे व लॉज स्थानिक पोलिसांकडे नोंदवलेली असावीत आणि त्यासाठी शिक्षणसंस्थेच्या प्रमुखाची शिफारस असावी, असे म्हटले आहे. त्या समितीच्या शिफारशी अमलात आणण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी दिले. ही तरतूद रॅगिंगसाठी होती, मान्य. पण तिच्यामागचा विचार साधा आहे, की विद्यार्थी आवाराबाहेर राहत असला तरी तो कुठे राहतो हे त्याच्या संस्थेला माहीत असले पाहिजे. वस्तू व सेवा कराच्या परिषदेनेही जून २०२४ मध्ये संस्थेबाहेरच्या निवासाची दखल घेतली आणि दरमहा २० हजारांपर्यंतच्या, किमान ९० दिवसांच्या वास्तव्याला करातून सूट देण्याची शिफारस केली. म्हणजे दिल्लीला कळले आहे की विद्यार्थी वसतिगृहाबाहेर राहतात. सोलापुरात मात्र अशी मुले किती, कुठे आणि कशा खोल्यांत राहतात याची यादी कोणाकडे असल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

हे शहर गरिबांसाठी घरे बांधू शकत नाही, असे कोणी म्हणू नये. विडी कामगार महिलांसाठी गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार घरे कुंभारीच्या माळावर उभी राहिली आणि २००६ मध्ये ती त्यांच्या ताब्यात गेली. त्याच कुंभारीत रे नगरची तीस हजार घरांची योजना झाली. १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पहिल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. यामागे कितीतरी वर्षांचा पाठपुरावा होता. कामगारांची नावनिशी यादी होती, संघटना होती, मोर्चे होते, केंद्र, राज्य आणि कामगार यांच्या वाट्याचे पैसे होते. विद्यार्थ्यांकडे यातले काही नाही. एम.ए.चा विद्यार्थी पहिले वर्ष खोली शोधण्यात आणि शहर समजून घेण्यात घालवतो, दुसऱ्या वर्षी त्याला तक्रार कुठे करायची ते कळते, आणि तोवर तो पास होऊन निघून जातो. तक्रार त्याच्याबरोबर जाते. विडी कामगार बाई तीस वर्षे त्याच झोपडीत राहिली म्हणून तिच्या मागणीला बळ आले. विद्यार्थी दोन वर्षांत बदलतो, म्हणून त्याची मागणी दर दोन वर्षांनी नव्याने जन्माला येते. या मुलांसाठी टिकून राहणारे कोणीतरी लागेल, आणि ते विद्यापीठच असू शकते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे, की विद्यापीठाने प्रवेश देतानाच प्रत्येक पदव्युत्तर आणि पीएच.डी. विद्यार्थ्याकडून तो कुठे राहणार आहे, भाडे किती आणि खोलीत किती जण, हे लिहून घ्यावे. हे एका पानाचे काम आहे. त्यातून पहिल्याच वर्षी कळेल की किती जणांना वसतिगृह हवे होते आणि किती जणांना मिळाले. ते आकडे विद्यापीठाने जाहीर करावेत, म्हणजे नव्या वसतिगृहाच्या प्रस्तावाला आधार मिळेल. ही यादी महापालिकेला द्यावी आणि महापालिकेने त्या खोल्यांची वीज, जिना, पाणी आणि संडास एवढ्या चारच गोष्टी पाहाव्यात. पहिल्या भेटीत दंड करू नये. दंडाच्या धास्तीने खोल्या बंद झाल्या तर मुलेच रस्त्यावर येतील, हे मी स्वानुभवाने सांगतो. वायरिंग सुधारायला मला कोणी तीन महिन्यांची मुदत दिली असती तर मी ते पहिल्याच वर्षी केले असते. जो घरमालक नोंदणी करील त्याच्या विद्यार्थी-कराराची हजार रुपयांची फी शासनाने माफ करावी आणि घरपट्टी जुन्याच दराने ठेवावी. डिपॉझिटला मर्यादा असावी. केंद्राने २०२१ मध्ये राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात घरांसाठी ती दोन महिन्यांच्या भाड्याइतकी आहे, विद्यार्थ्यांसाठी एक महिना पुरेसा आहे. भत्ता देणाऱ्या योजनांनी निवासाचा हिस्सा तरी सत्राच्या आरंभी द्यावा आणि सोलापूरचा गट पुन्हा तपासावा.

यातले कोणतेही काम नव्या इमारतीची वाट पाहत नाही. इमारत व्हायलाच हवी, विशेषतः मुलींसाठी आणि संशोधकांसाठी, आणि ती आवारातच हवी, म्हणजे आठच्या फाटकाचा प्रश्न मिटेल. पण निविदा, निधी आणि बांधकाम यांत चार-पाच वर्षे सहज जातात. त्या काळात विद्यार्थ्यांच्या दोन पिढ्या आमच्या पत्र्यांखालून जातील.

माझ्यासारख्या घरमालकांना हे पत्र आवडणार नाही. गल्लीतल्या एकाने तर मला आधीच विचारले, की स्वतःच्या पोटावर पाय कशाला आणता? त्याला मी म्हटले, विद्यापीठाने उद्या पाचशे कॉटचे वसतिगृह बांधले तरी माझी खोली रिकामी राहणार नाही. फार तर तिला पत्र्याऐवजी स्लॅब टाकावा लागेल.

यंदा माझ्या दोन्ही खोल्या जुलैतच भरल्या. मागच्या वर्षीपासून मी प्रत्येक खोलीत चारऐवजी तीनच कॉट ठेवतो, कारण टाकी आणि वायर दोन्हींचा अंदाज आता मला आला आहे. परवा, रात्री नऊच्या सुमारास, अक्कलकोट तालुक्यातील एक मुलगा वडिलांना घेऊन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा वर्ग होता. वडील म्हणाले, ‘‘चौथी कॉट टाका की, तो खाली जमिनीवरही झोपेल.’’ मी नाही म्हणालो आणि त्यांना पुढच्या गल्लीतला एक पत्ता दिला. तिथे जागा मिळाली की नाही, ते मला माहीत नाही. तो मुलगा आज सोलापुरात नेमका कुठे राहतो, हे सांगू शकेल असे कार्यालय या शहरात नाही.

आपला,
एक निवृत्त लिपिक व घरमालक,
बाळे, सोलापूर